दोघींत एक पाकीट

सुनंदाचे दात माझ्या बोटात रुतले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी तिच्या गालाच्या आत ओला गूळ चोळत होते आणि ती तो जिभेनं बाहेर ढकलत होती. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती. अंगावरची नवी साडी घामानं भिजून पाठीला चिकटली होती. हात गार, ओठ पांढरे. ती पुटपुटत होती, त्यातलं मला फक्त "नाही, नाही" एवढंच कळलं.

"उपास मोडून राहिला तिचा," तिची सासू दारातून म्हणाली. "नवऱ्यासाठी धरलेला तीजा आहे. असा जबरदस्तीनं नका मोडू, मावशी."

ज्या नवऱ्यासाठी उपास होता तो मनोहर माझ्या शेजारीच गुडघे टेकून बसला होता. जेवण अर्ध्यात टाकून उठलेला, बोटांना वरणभात तसाच. दारात मोहल्ल्यातल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, कमजोरी आहे. दुसरी म्हणाली, कांदा हुंगवा.

"हिले शुगर आहे," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

 मग मनोहरनं माझं मनगट धरलं. "शुगर आहे तर गूळ काहून चारून राहिल्या?"

"खाली गेली आहे शुगर. हात सोड."

त्यानं सोडला नाही. त्याला दोष देत नाही. शुगर म्हणजे गोड बंद, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. मी कोपरानं त्याला ढकललं आणि बोट आणखी आत घातलं. तेव्हा ती चावली.

तिच्या मुलीला, रश्मीला, मी माझ्या पिशवीतलं मशीन काढायला लावलं. सुनंदाच्या बोटाला सुई टोचली तरी तिनं हात ओढला नाही. आकडा आला अडतीस. मला स्वतःला अठरा वर्षांपासून शुगर आहे. सत्तरच्या खाली गेली की माझे गुडघे कापायला लागतात. अडतीस मी कधी पाहिला नव्हता.

"ऑटो आण," मी मनोहरला म्हटलं.

नवा रायपूर

मी तुमसरची. आमच्याकडून रायपूर म्हणजे सकाळी गाडीत बसा आणि दुपारी जेवायला पोचा. तरी सत्तरी उलटेपर्यंत मी गेले नव्हते, कारण कामच पडलं नाही. या वर्षी नातू अनिकेत मागे लागला. त्याची नोकरी नव्या रायपुरात, सरकारी ऑफिसांच्या कॉम्प्युटरांचं काम. बायको बंगळुरूला नोकरीला, हा इथे एकटा. शिवाय माझी बहीण वारली तिची मुलगी सुनंदा रायपुरातच गुढियारीला दिलेली. एका तिकिटात दोन्ही होतील म्हणून निघाले.

नवा रायपूर पाहून मला पहिल्यांदा वाटलं, माणसं कुठे गेली. रस्ते एवढे रुंद की आमचा आठवडी बाजार एका अंगाला भरेल आणि दुसऱ्या अंगानं गाड्या जातील. झाडं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. दूरवर मोठमोठी ऑफिसं. बसची वाट पाहत एक बाई उभी होती, ती आम्ही भाजी घेऊन परत आलो तरी तिथेच होती. दोन दिवसांत पायी चालणारी माणसं मी चार पाहिली, त्यातले दोघं माळी होते.

अनिकेत चौतीस वर्षांचा आहे आणि त्याला शुगर आहे. दंडावर मोठ्या बटणासारखी एक चकती चिकटवली आहे, तिच्यातून मोबाइलवर आकडा येतो. मला सुई टोचून घ्यावी लागते, याला नुसतं पाहायचं. त्याच्या ऑफिसातले दोघे जेवायला आले होते. ताटावर बसल्या बसल्या तिघांनी आपापले आकडे सांगितले, आपल्याकडे पोरांचे मार्क सांगतात तसे. एकाची शुगर नुकतीच निघाली होती. बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आओ भई, तुम भी आ गए." कोणाला लाज नव्हती. मला ते बरं वाटलं, आणि थोडं विचित्रही.

संध्याकाळी त्याच्या घड्याळानं त्याला सांगितलं की आज पावलं कमी पडली. तो उठला आणि जेवणाच्या टेबलाला फेऱ्या मारायला लागला.

"अरे, बाहेर एवढा रस्ता पडला आहे," मी म्हटलं.

"बाहर अकेले कौन चलेगा, आजी? अजीब लगता है." त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो.

मी खुर्चीवर बसून त्याच्या फेऱ्या पाहत होते. मलाच घेरी यायला लागली. मग मीही उठले आणि त्याच्या मागे चालायला लागले. आजी आणि नातू, टेबलाभोवती गोल गोल. मध्येच त्याचा फोन वाजला. तो हळू आवाजात "जी सर, जी सर" करत राहिला. ठेवल्यावर त्यानं मला मोबाइलवर एक रेघ दाखवली. चांगली सपाट चाललेली रेघ एका ठिकाणी डोंगरासारखी चढली होती.

"ये देखो, यहाँ सर का फोन आया."

"काही खाल्लं होतंस?"

"कुछ नहीं. सिर्फ फोन."

मी अठरा वर्षं साखर आणि भात यांच्यावर राग धरून बसले आहे. माणसाच्या आवाजानंही शुगर चढते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या सासूचा हिशेब मी वेगळा लावला असता.

घरात सगळं होतं. थंडगार खोली, मऊ गादी, फळं. तरी मला तिथे बसवेना. या खिडकीतून त्या खिडकीत जायचं आणि पुन्हा तेच रस्ते पाहायचे. अनिकेतचंही तसंच. बसला की पाय हलवतो, उभा राहिला की मोबाइल पाहतो. माझ्या जुन्या मशीनच्या पट्ट्या बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून त्यानं त्याचं पडून असलेलं मशीन मला दिलं. पोळ्याच्या सकाळी मी पिशवी भरली आणि म्हटलं, मला गुढियारीला सोड.

गुढियारी

नव्या रायपुरात जी माणसं दिसली नाहीत ती सगळी इथे होती. रेल्वेचा मालधक्का, गोदामं, ट्रक, पोती वाहणारे हमाल, कांद्याचा आणि डिझेलचा वास. अनिकेतची गाडी गल्लीत शिरेना. मी पिशवी घेऊन चालत गेले. दोन बाया बाजूला झाल्या तेव्हा मला वाट मिळाली.

मनोहर मालधक्क्यावर हमालांची पाळी लावतो. मालगाडी लागली की फोन येतो, मग जेवण असो की झोप असो, जायचं. त्यामुळे घरात जेवायची वेळ अशी नाहीच. तो आल्यावर तो जेवतो, मग सासू, मग रश्मी शंकर नगरातल्या कपड्यांच्या दुकानातून येते ती, आणि सगळ्यांत शेवटी सुनंदा, उरेल ते, बहुतेक भात. आम्हीही भंडाऱ्याकडचे भातखाऊच आहोत, नावं ठेवत नाही. पण ती चार वाजता, उभ्यानं, ओट्याशी टेकून खात होती.

पोळा इथे मातीच्या बैलांचा. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल फिरवतात, इथे पोट्ट्यांना मातीचे बैल आणि पोट्ट्यांच्या बहिणींना मातीची चूल, जातं, भांडी. घरोघर दोन पदार्थ तळतात. ठेठरी म्हणजे बेसनाची जाड शेव वळून केलेली, खारी. खुरमी म्हणजे कणकेचा आणि गुळाचा शंकरपाळा, पण कडक. माझा एक दात आधीच हलत होता, तो खुरमीनं काढून टाकला. ते एका अर्थी बरंच झालं.

तीजा म्हणजे आपली हरतालिका, दिवस तोच. पण आपल्याकडे बाई आपल्या घरी करते, केळी खाते, चहा पिते. इथे लग्न झालेल्या बाईला भाऊ न्यायला येतो, माहेरची साडी मिळते, आणि दिवसभर पाण्याचा थेंबही नाही. सुनंदाचं सासर मराठीच आहे, पण तीन पिढ्या रायपुरात गेल्यावर मोहल्ल्याचं तेच यांचं. तिला भाऊ नाही. आई गेल्यापासून तीजाला तिच्याकडे कोणी आलं नव्हतं. गल्ली रिकामी व्हायची आणि ही एकटी राहायची. मी साडी नेली होती ती सहज, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. साडी पाहून ती रडली. मला रडणं आवडत नाही, म्हणून मी हात धुवायला मोरीवर गेले.

मोरीवरून ऐकलं, ती शेजारणीला सांगत होती, "यंदा माझं माहेर घरी आलं आहे. यंदा मी कडक धरणार."

ती शेजारीण बिसाहिन. गल्लीतली छत्तीसगढी बाई, पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, शंकर नगरात चार घरी स्वयंपाक करते. मला दाई म्हणायला लागली, म्हणजे आई.

"दाई, लुगरा लाए हस?" तिनं विचारलं. लुगरा म्हणजे लुगडंच.

"हव," मी म्हटलं. हो म्हणायला तिथे हव म्हणतात, तेवढं मी शिकले होते.

"अरे वा, दाई तो छत्तीसगढ़िन बन गई. मेरे लिए नहीं लाई?"

"तुझा भाऊ आणेल."

"मेरा भाई? वो बीवी की पसंद का लाएगा, जो बीवी को पसंद नहीं आया वो."

ती गेली तरी घर थोडा वेळ हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे शोधत होते. डब्यात हात घातला तर पोह्यांखाली गोळ्यांचं पाकीट. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. पण हे पाकीट मी ओळखते. माझं निळं असतं. मध्यंतरी डॉक्टरनं माझी गोळी जोराची केली तेव्हा हिरवं दिलं होतं, आणि मी बाजारात वांगी निवडता निवडता खाली बसले होते. हे हिरवं होतं.

सुनंदा नळावर भांडी घासत होती तिथे मी तिला गाठलं. "हे कोणाचं?"

तिनं आधी गल्लीकडे पाहिलं. "हळू बोल, मावशी. माझं आहे. माझं अन् बिसाहिनचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मोहल्ल्यात तपासणी झाली, दोघींची शुगर निघाली. सुनंदानं दवाखान्यात कार्ड काढलं, घरी सांगितलं की पाठदुखीसाठी जाते. बिसाहिनला कार्ड काढता येईना, दवाखान्याची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच. म्हणून सुनंदाच्या गोळ्या दोघींत. एक दिवस हिची, एक दिवस तिची.

"म्हणजे दोघी अर्ध्या औषधावर."

"हो. म्हणून माझी शुगर उतरेना. डॉक्टर म्हणे, एवढी गोळी खाऊन उतरत नाही म्हणजे वाढवावी लागेल. वाढवली."

"अन् तू सांगितलं नाहीस की मी अर्धीच खाते."

"सांगितलं असतं तर बिसाहिनची बंद झाली असती."

"मनोहरले का सांगत नाहीस? कैदाशीण आहे का तुझी सासू?"

"नाही. चांगली आहे. तेच तर." तिनं कढई उलटी घातली. "मोठ्या जाऊले शुगर निघाली तेव्हा सासूनं तिचं ताट वेगळं केलं. सगळ्यांसमोर भात मोजून वाढे. पाहुणे आले की सांगे, हिले शुगर आहे बिचारीले. सहा महिन्यांत ती बाई म्हातारी दिसायला लागली. मले बिचारी नाही व्हायचं. अन् रश्मीचं स्थळ चालू आहे. आईले आहे म्हटलं की पोट्टीलेही होईल म्हणतात."

"अन् बिसाहिनचं काय?"

"तिची एक मालकीण बोलली होती, बीमार आदमी के हाथ का खाना नहीं चाहिए. दुसऱ्याच कोणाबद्दल बोलली होती. पण हिनं ऐकलं ना."

अनिकेतच्या ताटावर आकडे सांगत बसलेली ती तिघं पोरं मला आठवली. तोच आजार. तिथे दंडावर लावून फिरतात, इथे पोह्यांत पुरतात.

मी तिला एवढंच बजावलं की उपास धरायचा असेल तर त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. तिनं मान हलवली आणि माझ्याकडून वचन घेतलं की मी कोणाला सांगणार नाही. मी दिलं. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते. त्याच संध्याकाळी मनोहर समोर बसून चहा पीत होता. एक वाक्य बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं.

करू भात

उपासाच्या आदल्या दिवशी सकाळीच बिसाहिनचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला. मालकिणींनी रजा दिली नव्हती म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेली. माहेरचं गाव दूर, आरंगच्याही पुढे. मी न्हाणीत होते. बाहेर आले तोवर ती गेली होती. सुनंदानं पाकिटातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून तिला दिल्याचं मला नंतर कळलं.

संध्याकाळी करू भात. म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. उद्याच्या उपासाला ताकद यावी म्हणून बायका आज एकमेकींच्या घरी जाऊन हे खातात. एका घरी नाही, पाच-सात घरी. कुठे कारलं परतलेलं, कुठे भरलेलं, कुठे कढीत. आपल्याकडे उपासाच्या आदल्या दिवशी असं काही नसतं. मला हे आवडलं. बायकांना एका संध्याकाळी सात घरी कोणी बसवून वाढतं, ही काही रोजची गोष्ट नाही. मी चार घरांनंतर थांबले, सुनंदा सातही फिरली. सगळीकडे भात.

प्रत्येक घरात कोणीतरी म्हणालंच की कारलं शुगरला फार चांगलं. शुगर कोणाला आहे, हे एकाही घरात कोणी म्हणालं नाही. मी ताटावरून एकेकीकडे पाहत होते. एक सारखी पाणी पीत होती. एकीच्या पायाला पट्टी होती, विचारलं तर म्हणाली, चप्पल लागली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुनंदानं गोळी घ्यायची नाही ते कबूल केलं होतं. पण पोळ्याच्या खुरम्या आणि सात घरचा भात तिच्या मनाला लागून राहिला. पहाटे उठून तिनं पाण्याशिवाय, नुसत्या थुंकीनं, गोळी गिळली. एक नाही, दोन. एक आपल्या पाळीची आणि एक सात घरच्या भाताची, असं ती नंतर म्हणाली. दोन वर्षं अर्ध्यावर असलेल्या बाईनं उपाशीपोटी दुप्पट घेतली.

दवाखाना

ऑटो बिसाहिनच्या नवऱ्याचा होता. ईश्वर त्याचं नाव. गल्लीत उभा होता म्हणून मनोहरनं त्यालाच बोलावलं. त्यानं आम्हाला पंधरा मिनिटांत पोचवलं.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज लावलं. डॉक्टर पोरगीच होती, चेहऱ्यावर झोप. तिनं माझ्या बोटाला पट्टी बांधली आणि म्हणाली, गूळ दिला ते ठीक केलं, पण पुन्हा असं बोट घालू नका, बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत घास जातो. ते मला माहीत नव्हतं. तिनं हेही सांगितलं की ही गोळी पुन्हा खाली ओढते, आज सोडणार नाही.

साडेचारला सुनंदानं डोळे उघडले. मनोहरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिलं वाक्य बोलली ते असं: "मावशी, बिसाहिननं पण गोळी घेतली असंल."

मी उभीच होते, पण पुन्हा उभी राहिल्यासारखं झालं. तीच हिरवी गोळी, तोच उपास, आणि तिथे गावात कोणालाच माहीत नाही. तिकडे कोणी गूळही लावणार नाही. कांदा हुंगवत बसतील.

मी दाराकडे वळले. ईश्वर बाहेर बाकावर बसला होता. सुनंदानं माझा पदर धरला. "त्याले नको सांगू. तिचं काम जाईल."

"गेलं तर दुसरं पाहील," मी म्हटलं आणि पदर सोडवला.

ईश्वरला मी सगळं सांगितलं. तो हसलाच आधी. "मेरी वाली को? उसको कुछ नहीं है, दाई. बैल जैसी है." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिच्या भावाचा बंद. गावात दुसऱ्या कोणाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो ऑटोची किल्ली घेऊन उठला, पण ऑटोनं तिथे जायला दीड तास. मी अनिकेतला फोन केला. नव्या रायपुराहून आरंगचा रस्ता जवळ, आणि त्याच्या गाडीत ग्लुकोजच्या गोळ्या, एक जास्तीचं मशीन, हे कायम असतं.

"ऑफिस में हूँ, आजी," तो म्हणाला.

"तुझ्या साहेबाला सांग, रेघ चढली तर चढू दे. निघ."

कोणाला शोधायचं आणि काय द्यायचं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. ईश्वरनं त्याला रस्ता सांगितला, तलाव, मग शाळा, मग पिंपळ.

पुढचा पाऊण तास मी त्या दवाखान्याच्या पडवीत चालत होते. या टोकाला पाण्याची टाकी, त्या टोकाला औषधांची खिडकी. ईश्वर माझ्या उलट दिशेनं चालत होता, मध्ये आम्ही एकमेकांना ओलांडायचो. दर फेरीला तो फोन लावायचा. एकदा म्हणाला, "दो साल, दाई. रोज मेरे लिए टिफिन बनाती है. मेरे को दिखा नहीं."  आत मनोहर सुनंदाजवळ बसला होता.  सलाइनच्या थेंबांकडे पाहत होता.

साडेपाचला अनिकेतचा फोन आला.

"मिल गई, आजी. खाना खा रही है."

"कोण?"

"वही. घर के पीछे बाड़ी में, दोडके की बेल के पीछे बैठी थी. बासी खा रही थी. मुझे देखा तो कटोरा छुपा दिया."

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला. सोबत कांदा आणि मीठ. मी ईश्वरकडे पाहिलं. तो कान फोनला लावून उभा होता. अनिकेतनं तिच्या बोटाला सुई टोचली तर आकडा ब्याऐंशी. मग फोन तिच्याकडे गेला. ती कुजबुजत होती.

"दाई, मैं तो दोनों साल खाई. बारह बजे हाथ काँपने लगते हैं. आज तो दो बार खाई. फोन घर में छोड़ के आई थी. कोनो ला झन बताबे."

कोणाला सांगू नकोस, म्हणाली.

"सांगितलं," मी म्हटलं. "तुझा नवरा इथंच उभा आहे. ऐकतो आहे."

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग बिसाहिन म्हणाली, "तो अब बाहर बैठ के खा लूँ?"

ईश्वरनं फोन माझ्या हातातून घेतला. "खा," एवढंच म्हणाला, आणि बाकावर बसला.

मी आत जाऊन सांगितलं. मला वाटलं सुनंदाला हायसं वाटेल. ती भडकली. उठून बसायला लागली, सलाइनची नळी ताणली गेली.

"म्हणजे मागच्या वर्षीही ती खात होती? मले म्हणे, आपण दोघी एकसारख्या, आपलं गुपित आपल्यात. अन् मी इथं थेंब न घेता मरून राहिली. मले काहून नाही सांगितलं तिनं?"

मनोहरनं थेंबांवरची नजर काढली. "हेच मी तुले दुपारपासून विचारणार होतो."

 तो उठला, आणि तिची नळी सरळ करून पुन्हा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू डबा घेऊन आली. डब्यात तिघांपुरतं होतं आणि भात वेगळा मोजलेला नव्हता, ते मी पाहिलं. सुनंदा जेवत असताना म्हातारी माझ्या जवळ सरकली आणि पदराखालून हात पुढे केला. "मावशी, माझंही बोट टोचून पाहा. मनोहरले सांगू नका." मी पाहिलं. आकडा इथे लिहीत नाही. मनोहरला मात्र तिथल्या तिथे सांगितलं. वचनं देणं मी बंद केलं आहे.

मी आणखी तीन दिवस राहिले. गल्लीतल्या बायका एकेकट्या यायच्या. साखर मागायला, सुई-दोरा मागायला, आणि मग हात पुढे करायच्या. पायाला पट्टी बांधलेलीही आली. माझ्या मशीनच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशीच संपल्या. अनिकेतनं आणखी आणून दिल्या, आणि गाडी मुख्य रस्त्यावर लावून तो गल्लीत चालत आला. घाम पुसत ओट्यावर बसला तर सासूनं त्याला ठेठरी दिली. तो त्यातलं तेल मोजत होता, पण खात होता.

परत येऊन आता महिना झाला. रश्मीच्या स्थळाकडून उत्तर आलेलं नाही, येणार नाही असं दिसतं. रश्मी म्हणते, बरं झालं, तो पोट्टा तसाही फोनवर जांभया देत होता. बिसाहिनच्या चार घरांपैकी एक सुटलं. दुसऱ्या एका घरची मालकीण स्वतःच शुगरवाली निघाली, ती आता हिला कामाच्या वेळेत दवाखान्यात जाऊ देते. बिसाहिनचं आता वेगळं कार्ड आहे आणि वेगळी गोळी, सुनंदाच्या गोळीपेक्षा हलकी. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. परवा सुनंदाच्या घरातून फोन आला तेव्हा मागे बिसाहिनचा आवाज होता. ती कशावरून तरी भांडत होती.

हे लिहू का, असं मी दोघींना विचारलं. सुनंदा म्हणाली, लिही. बिसाहिन म्हणाली, नाव बदल आणि गाव लिहू नको. दोन्ही केलं आहे.

दोघींचे उपास त्या दिवशी मोडले. सुनंदा जगली. बिसाहिन जगली. मनोहर आणि ईश्वर, ज्यांच्यासाठी ते धरले होते, तेही जिवंत आहेत.